मेटफॉर्मिन

प्रकार-२ मधुमेहात तोंडावाटे दिले जाणारे बायग्वानाइड (दोन ग्वानिडीन रेणू जोडून बनणाऱ्या संयुगांच्या) वर्गातील औषध. रासायनिक नाव डायमेथिल बायग्वानाइड. रेणुभार सुमारे १२९. बाजारात ते हायड्रोक्लोराइड लवणाच्या रूपात मिळते आणि गोळीवर छापलेले ५००, ८५० किंवा १,००० मिग्रॅ. हे वजन सहसा या लवणाचे असते. जास्त इन्शुलिन स्रवण्यासाठी ते स्वादुपिंडाला भाग पाडत नाही, तर यकृतातून रक्तात येणाऱ्या ग्लुकोजला आवर घालते. त्यामुळे हे औषध एकटे घेतल्यास साखर धोक्याच्या पातळीखाली सहसा जात नाही आणि वजनही वाढत नाही.

उगम : मेटफॉर्मिन ‘गॅलेगा’ या वनस्पतीपासून आले, असे सर्रास लिहिले जाते. हे अर्धेच खरे आहे. गॅलेगा ऑफिसिनॅलिस ही शिंबावंत कुलातील, जांभळट-पांढऱ्या फुलांची वनस्पती. नावातील ‘गाला’ हा दुधासाठीचा ग्रीक शब्द असून, ती खाल्ल्याने दूध वाढते या समजुतीवरून ते पडले असावे. मध्ययुगीन युरोपात वारंवार लघवी होण्यावर, म्हणजेच आजच्या भाषेत मधुमेहावर, ती दिली जात असे, असे अनेक आधुनिक लेख सांगतात. परंतु सतराव्या शतकातल्या एका प्रसिद्ध इंग्रजी वनौषधी-ग्रंथात तिच्या उपयोगांत विषबाधा, जंत, अपस्मार आणि प्लेग ही नावे दिसतात. मधुमेहाचा दावा तिला बराच मागाहून चिकटला असावा, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. ही वनस्पती निरुपद्रवीही नाही. १८९१ मध्ये अमेरिकेतील यूटा येथे ती चाऱ्यासाठी लावण्यात आली. मेंढ्यांना विषारी ठरल्यामुळे आज तेथे तिची गणना उपद्रवी तणात होते.

रसायनशास्त्राचा धागा मात्र पक्का आहे. फ्रान्समध्ये तांरे यांनी १९१४ मध्ये गॅलेगातून गॅलेजीन हे ग्वानिडीनयुक्त (ग्वानिडीन हे एक साधे नायट्रोजनयुक्त संयुग) द्रव्य वेगळे केले. ग्वानिडीनमुळे सशांच्या रक्तातील साखर उतरते, हे वातानाबे यांनी १९१८ मध्ये दाखवले. त्यांचा मूळ प्रश्न गळ्यातील परावटू (पॅराथायरॉइड) ग्रंथी काढल्यावर येणाऱ्या आचक्यांचा होता, साखरेचा नव्हे. गॅलेजीन माणसांना देऊन पाहण्यात आले, पण परिणाम अल्पकाळ टिके आणि विषारीपणा आड येई. १९२६ मध्ये ब्रेस्लाउ येथे दोन ग्वानिडीन गट लांब कार्बन-साखळीने जोडून ‘सिंथॅलिन’ तयार झाले. ते साखर कमी करी, पण यकृत आणि मूत्रपिंडांना इजा करी, म्हणून ते मागे पडले.

मेटफॉर्मिनचा रेणू या धाग्यात आडवाटेने आला. डब्लिनमध्ये वेर्नर आणि बेल यांनी १९२२ मध्ये तो प्रथम बनवला, तोही औषध म्हणून नव्हे, तर निव्वळ संश्लेषणाचा अभ्यास म्हणून. १९२९ मध्ये स्लोटा आणि चेशे यांनी सशांवर अनेक बायग्वानाइडे तपासली आणि डायमेथिल रूप प्रभावी व तुलनेने कमी विषारी असल्याचे नोंदवले. इन्शुलिन नुकतेच उपलब्ध झाले होते आणि सिंथॅलिनने हात पोळले होते. या निष्कर्षाकडे कोणी फारसे वळले नाही.

दुसरा धागा हिवतापाचा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये हिवतापविरोधी प्रोग्वानिल विकसित झाले, तेही बायग्वानाइडच. त्याने प्राण्यांची साखर किंचित उतरते असे आढळले. फिलिपाइन्समध्ये युसेबिओ गार्सिया यांनी मेटफॉर्मिन ‘फ्लुमामीन’ या नावाने इन्फ्लुएंझाच्या रुग्णांना दिले, तेव्हा काहींची साखर खालच्या मर्यादेपर्यंत उतरल्याची त्यांची नोंद आहे. पॅरिसचे झां स्टर्न यांनी ती नोंद हेरली. तरुणपणी त्यांनी गॅलेजीनवर काम केलेले होते. मधुमेही रुग्णांवरील आपले निष्कर्ष त्यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केले आणि औषधाला ‘ग्लुकोफाज’, म्हणजे ग्लुकोज खाणारा, असे नाव दिले. तेव्हा वनस्पतीपासून थेट गोळी बनली नाही. ग्वानिडीनची कल्पना वनस्पतीकडून आली, रेणू प्रयोगशाळेत बनला आणि त्याचा मानवी उपयोग हिवताप-फ्लूच्या संशोधनातून पुन्हा नजरेस आला.

फेनफॉर्मिनची छाया : त्याच सुमारास अमेरिकेत फेनफॉर्मिन आणि जर्मनीत ब्युफॉर्मिन ही भावंडे आली. फेनफॉर्मिन कमी मात्रेत अधिक जोरकस, म्हणून आधी तेच गाजले. मात्र ते घेणाऱ्या रुग्णांत लॅक्टिक आम्लतेने (रक्तात लॅक्टिक आम्ल साचल्याने) मृत्यू होऊ लागले आणि १९७७ मध्ये अमेरिकेने ते बाजारातून काढले. भारतात माणसांसाठी त्यावर बंदी येण्यास २००३ उजाडले. मेटफॉर्मिनही त्याच संशयात सापडले. युरोपात ते पन्नाशीच्या दशकाअखेरपासून वापरात असताना अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली ती डिसेंबर १९९४ मध्ये.

दोघांना एकाच मापाने मोजणे योग्य नव्हते. फेनफॉर्मिन मेदस्नेही, म्हणजे मेदात सहज मिसळणारे, आहे. ते पेशीतील तंतुकणिकांच्या (मायटोकाँड्रियांच्या) आवरणात घुसून बसते आणि यकृतातील सीवायपी-२डी६ या विकरावर (एन्झाइमवर) त्याचा निचरा अवलंबून असतो. हे विकर जन्मतःच दुबळे असलेल्या माणसात नेहमीच्या मात्रेनेही ते साचते. मेटफॉर्मिन जलस्नेही आहे, यकृतात त्याचे रूपांतर होत नाही आणि ते जसेच्या तसे लघवीवाटे बाहेर पडते. मूत्रपिंडे शाबूत असतील तर रक्तद्रवातील त्याचे अर्धायुष्य साधारण सहा तासांचे असते.

क्रिया : नेमकी कशी, यावर एकमत नाही. २००० मध्ये तंतुकणिकेतील, ऊर्जा निर्माण करणाऱ्या श्वसन-साखळीच्या पहिल्या संकुलाला ते अडवते असे दाखवले गेले. २००१ मध्ये पेशीतील ऊर्जेची पातळी जोखणाऱ्या एएमपीके या विकराला कळीचे स्थान मिळाले. मात्र यकृतात एएमपीके नसलेल्या उंदरांतही औषध चालते, असे २०१० मध्ये दिसले. पुढे ग्लिसरोफॉस्फेट डिहायड्रोजिनेज हे विकर, आतड्यातील परिणाम, जीडीएफ-१५ हे संप्रेरक असे दावेदार वाढले. प्रयोगनळीत वापरलेली औषधाची संहती (प्रमाण) बहुधा रुग्णाच्या रक्तातील संहतीच्या कित्येक पट असते. हे लक्षात घेता कोणत्याही एका यंत्रणेवर सर्व भार टाकणे घाईचे ठरेल.

चिकित्सालयीन पुरावा : औषधाचे स्थान ठरवले ते १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यूकेपीडीएस या प्रकार-२ मधुमेहाच्या दीर्घ ब्रिटिश चाचणीने. नव्याने निदान झालेल्या, वजन जास्त असलेल्या ३४२ जणांना मेटफॉर्मिन आणि ४११ जणांना मुख्यतः आहारोपचार देण्यात आला. सुमारे दहा वर्षांत मधुमेहाशी संबंधित कोणतीही घटना ३२ टक्क्यांनी आणि सर्व कारणांनी होणारे मृत्यू ३६ टक्क्यांनी कमी दिसले. याच चाचणीचा दुसरा भाग क्वचितच सांगितला जातो : आधीच सल्फोनिलयुरिया (स्वादुपिंडाला इन्शुलिन स्रवायला लावणारे औषध) घेणाऱ्या ५३७ जणांपैकी ज्यांना मेटफॉर्मिन जोडले, त्यांच्यात मधुमेहजन्य मृत्यू ९६ टक्क्यांनी जास्त आढळले. बहुतेक अभ्यासक याला योगायोग समजतात आणि तेच संभाव्य आहे. पण मग ३४२ जणांच्या गटातील लाभाच्या आकड्याकडेही तेवढ्याच सावधपणे पाहायला हवे.

मधुमेह टाळण्यासाठीच्या अमेरिकी चाचणीत (२००२) रोज १,७०० मिग्रॅ. ने धोका ३१ टक्क्यांनी, तर आहार-व्यायामाने ५८ टक्क्यांनी घटला. चेन्नईहून झालेल्या भारतीय चाचणीत (२००६) ५३१ जण होते आणि मात्रा रोज फक्त ५०० मिग्रॅ. तीन वर्षांत तुलनेसाठीच्या नियंत्रण गटात ५५ टक्के, आहार-व्यायाम गटात ३९.३, औषध गटात ४०.५ आणि दोन्ही एकत्र दिलेल्या गटात ३९.५ टक्के जणांना मधुमेह झाला. दोन्ही एकत्र केल्याने भर पडली नाही.

मात्रा आणि पोटाच्या तक्रारी : सुरुवात ५०० मिग्रॅ. पासून, जेवणाबरोबर किंवा जेवण संपताच. दर आठवड्याला ५०० ने वाढ. २,००० मिग्रॅ. च्या पुढे साखरेवरचा परिणाम फारसा वाढत नाही, पोटाचा त्रास मात्र वाढतो. मळमळ, पातळ जुलाब, तोंडात धातूची चव या तक्रारी पहिल्या काही आठवड्यांत सर्वाधिक असतात. बरेचसे रुग्ण ‘गोळी सोसत नाही’ म्हणून सोडतात, त्यामागे पहिल्याच दिवशी १,००० मिग्रॅ. ची गोळी, तीही उपाशीपोटी, हे कारण अनेकदा निघते. मंदगतीने विरघळणारी गोळी हा पर्याय आहे. ती मोडून किंवा चावून घेतल्यास सगळा साठा एकदम सुटतो आणि हेतूच बुडतो. काही मंदगती गोळ्यांचे मऊ, फुगलेले कवच शौचात जसेच्या तसे दिसते. औषध लागू न पडता पडून गेले असे रुग्णाला वाटते. प्रत्यक्षात ते केव्हाच शोषले गेलेले असते. गोळ्यांना येणारा माशासारखा वासही खराबीचे लक्षण नाही.

अनेक वर्षे विनातक्रार घेतल्यानंतर अचानक जुलाब सुरू झाले, तर मात्र मेटफॉर्मिनवर खापर फोडण्याआधी नवे कारण शोधावे. उलट बाजूही खरी आहे : वृद्धांच्या जुन्या जुलाबाच्या तपासण्या कोलोनोस्कोपीपर्यंत जातात आणि उत्तर औषधांच्या डब्यात असते.

लॅक्टिक आम्लता : रक्तातील लॅक्टेट ५ मिमोल/लिटरच्या वर आणि पीएच ७.३५ च्या खाली गेल्यास हे निदान होते. ३४७ चाचण्यांच्या एका एकत्रित परीक्षणात (२०१०) मेटफॉर्मिनच्या ७०,४९० रुग्ण-वर्षांत अशी एकही घटना आढळली नाही. परंतु चाचण्यांत निवडून घेतलेले रुग्ण असतात. धोका त्यांच्या बाहेरच्यांना असतो. नेहमीचा क्रम असा : साठी-सत्तरीतील मधुमेही, रक्तदाबासाठी रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टन चालू. दोन-तीन दिवस जुलाब-उलट्या, अंगदुखीसाठी दुकानातून आणलेली डायक्लोफिनॅक, आणि ‘शुगरची गोळी चुकवायची नाही’ म्हणून मेटफॉर्मिन सुरूच. पाणी कमी पडून मूत्रपिंडे थांबतात, औषध बाहेर पडत नाही, लॅक्टेट चढते. रुग्ण खोल, जोरकस श्वास घेऊ लागतो. या अवस्थेत मेटफॉर्मिन कारण आहे की केवळ साक्षीदार, हा वाद आहे. बहुधा दोन्ही, आणि मूळ दोष बंद पडलेल्या मूत्रपिंडांचा. डायलिसिसने औषध आणि आम्ल दोन्ही निघतात. लॅक्टेट २० मिमोल/लिटरच्या वर किंवा पीएच ७.० पर्यंत उतरला असेल तर त्याला विलंब लावू नये.

नमुना घेताना दंडाची पट्टी फार वेळ आवळून ठेवली, रुग्णाला मूठ वारंवार उघडझाप करायला लावली किंवा राखाडी झाकणाच्या फ्लोराइड नळीऐवजी साध्या नळीत रक्त ठेवले, तर लॅक्टेट खोटा चढलेला दिसतो.

२०१६ पासून अमेरिकी नियमांत केवळ रक्तातील क्रिएटिनिनऐवजी ईजीएफआर (मूत्रपिंडांच्या गाळण्याच्या गतीचा अंदाज) पाहिला जातो : ३० च्या खाली औषध वर्ज्य, ३० ते ४५ मध्ये नव्याने सुरू करू नये, चालू असताना ४५ च्या खाली उतरल्यास फेरविचार, आणि बहुतेक ठिकाणी मात्रा निम्मी. जुलाब-उलट्या किंवा तीव्र ताप असताना खाणेपिणे पूर्ववत होईपर्यंत गोळी थांबवावी. ईजीएफआर ६० च्या खाली असल्यास आयोडीनयुक्त रंगद्रव्य टोचून करायच्या तपासणीवेळी औषध बंद ठेवून ४८ तासांनी मूत्रपिंडे पाहून मगच पुन्हा सुरू करतात.

ब-१२ जीवनसत्त्वाची न्यूनता : लॅक्टिक आम्लतेच्या भीतीने या अधिक नित्याच्या दुष्परिणामाकडे बराच काळ दुर्लक्ष झाले. बेलफास्ट येथील वैद्यांनी १९७१ मध्येच मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ब-१२ चे शोषण बिघडल्याचे नोंदवले होते. नेदरलँड्समधील ३९० रुग्णांच्या यादृच्छिक चाचणीत (२०१०) चार वर्षांत ब-१२ ची पातळी १९ टक्क्यांनी उतरली. ब्रिटनच्या औषध-नियामकाने २०२२ मध्ये हा दुष्परिणाम ‘सामान्य’ गटात टाकला.

कारणाविषयी सर्वाधिक स्वीकारलेला तर्क कॅल्शियमचा आहे. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात ब-१२ आत घेण्यासाठी कॅल्शियम लागते आणि धनभारित मेटफॉर्मिन त्याच्या आड येते, रोज १.२ ग्रॅम कॅल्शियम दिल्यावर शोषण सुधारल्याचे २००० मध्ये दिसले. आतड्यातील जंतूंची वाढ आणि पित्ताम्लांतील बदल हे इतर तर्क आहेत.

वरील आकडे महाराष्ट्रात जसेच्या तसे लावता येत नाहीत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी खेडी, झोपडपट्टी आणि शहरी मध्यमवर्ग यांतील ४४१ मध्यमवयीन पुरुष तपासले, तेव्हा ६७ टक्के जणांत ब-१२ कमी होते. मध्यमवर्गात तर ८१ टक्के. कारण मुख्यतः शाकाहार. दूध-दह्यातून मिळणारा ब-१२ पुरत नाही. यकृतात साठा भरलेल्या युरोपियनाला न्यूनता येण्यास काही वर्षे लागतात. येथे गोळी सुरू होते त्या दिवशीच तळ गाठलेला असू शकतो. म्हणून औषध सुरू करण्याआधीची पातळी माहीत असणे येथे अधिक मोलाचे आहे.

पायांची जळजळ आणि मुंग्या मधुमेहामुळे की ब-१२ मुळे, हे लक्षणांवरून ठरत नाही. १२८ हर्ट्झचा नादकाटा (ट्यूनिंग फोर्क) पायाच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवल्यास दोन्हींत कंपसंवेदना गेलेली आढळते. निदानासाठी पांडुरोगावर (रक्तक्षयावर) विसंबणेही धोक्याचे : लोहाची न्यूनता सोबत असल्यास तांबड्या पेशी मोठ्या झालेल्या दिसत नाहीत, आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या रक्त सुधारून मज्जातंतूंची हानी झाकून टाकतात. २०० पिकोग्रॅम/मिलि. च्या खालची पातळी न्यूनता मानतात. २०० ते ३०० मध्ये मिथिलमॅलोनिक आम्ल किंवा होमोसिस्टीन (ब-१२ कमी पडल्यास रक्तात वाढणारी द्रव्ये) पाहावे लागते. तोंडावाटे १,००० मायक्रोग्रॅम दिल्यास सुमारे एक टक्का नेहमीच्या मार्गाविना शोषला जातो आणि तेवढा बहुतेकांना पुरतो. चालताना तोल जाणे, स्मृतिभ्रंश अशी लक्षणे असल्यास इंजेक्शनने सुरुवात करतात. प्रीगॅबालिन या मज्जातंतूंच्या वेदनेवरील औषधासोबत मिथिलकोबालामिन (ब-१२ चे एक रूप) असलेली संयुक्त गोळी बऱ्याच रुग्णांना आधीच चालू असते. अशा वेळी रक्तातील आकडा गोळीचा असतो, शरीराच्या साठ्याचा नव्हे.