अंग आधी वाढले, बालपण मागाहून लांबले

मूल साधारण सहा वर्षांचे झाले, की दुधाचे दात हलू लागतात आणि जबड्यात मागे पहिली कायमची दाढ निघते. चिंपांझीच्या पिल्लाला हीच दाढ तिसऱ्या-चौथ्या वर्षी येते. माणूस केव्हा वयात येऊ लागला आणि त्याचे बालपण कधीपासून लांबले, याचा माग काढणाऱ्यांना सर्वाधिक साथ या दाढेनेच दिली आहे.

1924 साली दक्षिण आफ्रिकेतील टाँग येथील चुनखडीच्या खाणीत मानवाच्या प्राचीन पूर्वजांपैकी एका मुलाची कवटी मिळाली. शरीररचनाशास्त्रज्ञ रेमंड डार्ट यांनी नुकतीच वर आलेली दाढ पाहून त्याचे वय सहा वर्षे धरले. म्हणजे आपल्याच मुलांचे माप त्याला लावले. हे माप तब्बल साठ वर्षे चालले. दातांच्या एनॅमलवर, म्हणजे वरच्या कठीण आवरणावर, ठरावीक दिवसांनी वाढीची एकेक बारीक रेषा उमटते. 1985 साली टिमथी ब्रॉमेज आणि क्रिस्टफर डीन यांनी तशा रेषा मोजून ही प्राचीन मुले वानरांच्याच वेगाने वाढत होती, असे दाखवले. टाँगचे मूल जेमतेम साडेतीन वर्षांचे होते.

त्याआधी वर्षभर, 1984 मध्ये, केनियात तुर्काना सरोवराच्या पश्चिमेस नारिओकोटोमे येथे जीवाश्म शोधणारे कामोया किमेउ यांना कवटीचा एक छोटासा तुकडा दिसला आणि पुढील उत्खननात सुमारे 15 लाख वर्षांपूर्वीच्या एका मुलाचा जवळजवळ संपूर्ण सांगाडा हाती आला. त्याची उंची 160 सेंटीमीटरच्या आसपास होती. हाडांवरून तो बारा-तेरा वर्षांचा वाटे, पण दातांच्या रेषांनी आठच वर्षे सांगितली. मला हा या साऱ्या इतिहासातला सर्वांत बोलका पुरावा वाटतो, कारण शरीर आपल्या मापाचे झाले तरी बालपण अजून आखूडच होते, हे त्यातून कळते.

बालपण लांबण्यामागे मेंदूचा खर्च असावा. चार-पाच वर्षांच्या मुलाचा मेंदू सर्वाधिक ग्लुकोज वापरतो आणि नेमकी त्याच वयात शरीराची वाढ अतिशय मंद असते.

उंची आणि आयुष्याचा वेग यांची सांगड आजच्या समाजांतही एकसारखी नाही. अकाली मृत्यूचे प्रमाण मोठे असेल तेथे लवकर वयात येऊन लवकर मूल होणे हिताचे ठरते आणि त्यापायी वाढ लवकर थांबते, अशी मांडणी अँड्रिया मिग्लियानो व सहकाऱ्यांनी 2007 साली फिलिपीन्समधील एटा आणि इतर कमी उंचीच्या समाजांच्या अभ्यासातून केली. कॅमेरूनमधील बाका या कमी उंचीच्या समाजातील मुलांची वाढ मात्र जन्मानंतरच्या पहिल्या दोन वर्षांतच मंदावते आणि पुढे नेहमीच्या गतीने चालते, असे 2015 मध्ये दिसून आले.