आजचा आकडा, दहा दिवसांपूर्वीचे नागपूर

२०२१ सालच्या मार्च आणि जून या महिन्यांत नागपूरकरांना जे दोन अनुभव आले, ते एकमेकांच्या अगदी उलट होते आणि लोकांचा संताप मात्र दोन्ही वेळी सारखाच होता. मार्चमध्ये कोरोनाची रुग्णसंख्या चढू लागल्यावर १५ ते २१ तारखेपर्यंत शहर पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत कडक टाळेबंदी लागू झाली. ती संपली तेव्हा आकडा घटण्याऐवजी वाढलेला होता, आणि एप्रिलमध्ये तर जिल्ह्यात एका दिवसात सात हजारांहून अधिक रुग्ण नोंदवले गेले. पुढे ७ जूनपासून राज्याच्या पाच स्तरांच्या योजनेत नागपूर पहिल्या, म्हणजे सर्वांत मोकळ्या स्तरात आले. जेमतेम तीन आठवडे झाले होते, रुग्ण दिवसेंदिवस कमी होत होते, आणि तरीही ते पुन्हा तिसऱ्या स्तरात गेले. दुकाने दुपारी चार वाजता बंद करावी लागली. बंद ठेवले की रुग्ण वाढतात आणि रुग्ण घटले की बंद ठेवायला सांगतात, असा हिशेब बर्डीतल्या किंवा इतवारीतल्या एखाद्या दुकानदाराने मांडला असेल, तर त्याला अडाणी ठरवणे अन्यायाचे आहे. त्याच्यापुढे ठेवलेल्या आकड्यांवरून वेगळा निष्कर्ष निघणे कठीणच होते, कारण तो आकडा किती दिवसांपूर्वीचा आहे, ही माहिती त्याच्यासोबत कधी दिलीच गेली नाही.

रोज संध्याकाळी जाहीर होणारे रुग्ण त्या दिवशी बाधित झालेले नसतात. विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत मूळ विषाणूच्या बाबतीत सरासरी पाच दिवस जात. डेल्टा प्रकारात हा काळ थोडा कमी झाला. त्यानंतर माणूस एक-दोन दिवस ताप अंगावर काढतो, मग चाचणीला जातो. घशातला आणि नाकातला नमुना मेयो आणि मेडिकल ही सरकारी वैद्यकीय महाविद्यालये, एम्स किंवा नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था, यांपैकी एखाद्या प्रयोगशाळेत पोहोचतो, तिथे रांगेत थांबतो, आणि अहवाल आल्यावर त्याची नोंद संगणकावर चढते. गर्दी नसेल तर या शेवटच्या टप्प्याला एक दिवस पुरतो. लाटेच्या ऐन भरात अहवालासाठी कित्येक दिवस वाट पाहावी लागली, हे त्या एप्रिलमध्ये चाचणी करून घेतलेल्या कोणालाही आठवत असेल. सगळे मिळून आठ-दहा दिवस होतात. तोतलाडोह जलाशयात आज चढलेले पाणी हे वर मध्य प्रदेशात आधीच पडून गेलेल्या पावसाचे असते, तसा आजचा आकडा हा आधीच होऊन गेलेल्या संसर्गाचा असतो.

हा उशीर एरवी फारसा जाणवला नसता. पण साथ बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढते. समजा, रुग्णसंख्या दहा दिवसांत दुप्पट होत आहे. मग ज्या दिवशी जिल्ह्यात दोन हजार रुग्ण जाहीर झाले, त्या दिवशी प्रत्यक्षात नव्याने बाधित होणाऱ्यांपैकी पुढे नोंदीत येणारेच चार हजारांच्या घरात असतात. हे चार हजार कोणाला दिसत नाहीत, त्यांनाही आपण बाधित आहोत हे ठाऊक नसते, आणि त्यांच्या संसर्गाला उद्याची कोणतीही बंदी रोखू शकत नाही, कारण तो होऊन गेलेला असतो. १५ मार्चला बंद झालेल्या शहराचा परिणाम आकड्यांत दिसायचाच असेल, तर तो २४-२५ मार्चच्या आधी दिसणे शक्य नव्हते. टाळेबंदी मात्र २१ तारखेला संपली, आणि तिच्या यशापयशाचा निकाल लोकांनी, वर्तमानपत्रांनी आणि नेत्यांनी त्याच आठवड्यात लावून टाकला.

सात दिवसांची ती टाळेबंदी पुरेशी होती का, हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याचे प्रामाणिक उत्तर ‘नाही’ असेच द्यावे लागेल. एका बाधिताकडून दुसऱ्याकडे संसर्ग जाण्यात साधारण पाच दिवसांचे अंतर असते. म्हणजे सात दिवसांत साखळीची फार तर एखादी कडी तुटते, आणि घरात एकत्र राहणाऱ्या कुटुंबांत तर तीही तुटत नाही. महालातल्या दाटीच्या वस्तीत किंवा मोमिनपुऱ्यात एका खोलीत राहणाऱ्या पाच-सहा माणसांना अंतर ठेवायला जागाच नसते. अमरावतीत २२ फेब्रुवारीला सुरू झालेली टाळेबंदी ८ मार्चपर्यंत लांबवली गेली आणि मार्चमध्ये तिथली रुग्णसंख्या उतरली. तेवढ्यावरून सगळे श्रेय टाळेबंदीला देता येत नाही, कारण लोक घाबरले की आपणहूनही घराबाहेर पडणे कमी करतात. तरीही निर्बंधाचा कालावधी संसर्गाच्या किमान दोन-तीन पिढ्यांना पुरेल इतका असावा, याला जीवशास्त्राचा आधार आहे. आर्थिक झळ पोहोचेल एवढी मोठी आणि साथ थांबणार नाही एवढी छोटी टाळेबंदी ही सर्वांत वाईट निवड ठरते, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यातच रविवारी चाचण्या कमी होत, म्हणून सोमवार-मंगळवारचा आकडा खाली येई आणि ‘दिलासा’ असा मथळा छापला जाई. गुरुवारी-शुक्रवारी तोच आकडा उसळी घेई आणि ‘विस्फोट’ होई. सात दिवसांची सरासरी काढली की हा चढउतार नाहीसा होतो. शाळेतल्या गणिताइतकी सोपी असलेली ही सरासरी रोजच्या आकड्याशेजारी ठळकपणे क्वचितच दिसली.

रुग्णसंख्येहून अधिक बोलका आकडा चाचण्यांपैकी किती टक्के अहवाल बाधित आले, हा असतो. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२० मध्ये सुचवले होते की निर्बंध सैल करण्याआधी हे प्रमाण सलग १४ दिवस ५ टक्क्यांच्या खाली असावे. यामागचा तर्क असा की शंभर चाचण्यांत दोन-तीनच बाधित सापडत असतील, तर जाळे बऱ्यापैकी मोठे टाकले गेले आहे आणि फार थोडे निसटत आहेत. पण एप्रिल २०२१ मधल्या नागपूरप्रमाणे दर चार चाचण्यांत एक बाधित निघू लागला, तर न सापडलेल्यांची संख्या सापडलेल्यांच्या कित्येक पट असते. अशा वेळी सात हजार हा आकडा रुग्णांचा राहत नाही, तो प्रयोगशाळांच्या क्षमतेचा होतो. देशपातळीवरच्या रक्तचाचण्यांनी हेच दाखवले. जून-जुलै २०२१ मधल्या चौथ्या सर्वेक्षणात सुमारे ६७ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे (अँटीबॉडी) आढळली. लस घेतलेले लोक वजा केले तरी जाहीर झालेल्या रुग्णांशी या प्रमाणाचा काही मेळ बसत नव्हता.

मृत्यूंच्या आकड्याबाबत नागपूरची स्थिती आणखी वेगळी होती. जिल्ह्याच्या दैनंदिन अहवालात मृत्यूंचे तीन रकाने असत: शहर, ग्रामीण आणि जिल्ह्याबाहेरील. तिसरा रकाना असण्याचे कारण असे की भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, यवतमाळच नव्हे, तर शिवनी, बालाघाट, छिंदवाडा इथलेही अत्यवस्थ रुग्ण मेडिकल, मेयो आणि शहरातल्या खासगी रुग्णालयांत येत. आजारी पडताना ते दुसऱ्या जिल्ह्याच्या किंवा दुसऱ्या राज्याच्या नोंदीत होते. मृत्यूची नोंद नागपुरात झाली. हे तीन रकाने एकत्र करून नागपूरच्या रुग्णसंख्येने भागले, तर मृत्युदर फुगतो आणि इथल्या डॉक्टरांवर अन्याय होतो. शिवाय मृत्यूच्या आकड्याची तारीख रुग्णसंख्येहूनही मागची असते. लक्षणांपासून मृत्यूपर्यंत साधारण दोन ते तीन आठवडे जातात, आणि नोंद पूर्ण व्हायला कधी कधी महिने. २१ जुलै २०२१ रोजी देशात ३,९९८ मृत्यू जाहीर झाले आणि अनेकांना धडकी भरली. त्यांपैकी ३,५०९ मृत्यू महाराष्ट्राने जुन्या नोंदींची पडताळणी करून त्या दिवशी जोडलेले होते. ज्यांची माणसे एप्रिलमध्ये गेली होती, त्यांचे दुःख जुलैच्या आलेखात एका उभ्या रेषेसारखे उमटले. सरकार आकडे लपवते, हा संशय अशा दिवशी बळावतो, आणि तो दूर करायचा तर मृत्यूची तारीख आणि नोंदीची तारीख वेगवेगळी छापण्याखेरीज दुसरा उपाय नाही.

आता जूनकडे येऊ. राज्याने ४ जूनच्या आदेशात चाचण्यांतील बाधितांचे प्रमाण आणि ऑक्सिजन खाटांचा वापर या दोन निकषांवर जिल्ह्यांचे स्तर ठरवले. बाधितांचे प्रमाण ५ टक्क्यांहून कमी आणि ऑक्सिजनच्या खाटा २५ टक्क्यांहून कमी भरलेल्या असतील, तर पहिला स्तर. ही योजना मला त्या संपूर्ण काळातली सर्वांत समंजस योजना वाटते, कारण नियम आधी सांगितला होता आणि कोणालाही तो स्वतः पडताळता येत होता. २५ जूनला नवा आदेश निघाला: कोणताही जिल्हा तिसऱ्याहून मोकळ्या स्तरात राहणार नाही आणि प्रमाण मोजताना फक्त आरटी-पीसीआर चाचण्या धरल्या जातील. कारण होते डेल्टा प्लस. डेल्टाच्या काट्यावर, म्हणजे स्पाइक प्रथिनात, के४१७एन हा आणखी एक बदल झालेला हा प्रकार राज्यात २१ जणांत सापडला होता, मुख्यतः रत्नागिरी आणि जळगावात. विषाणूचा नवा प्रकार अधिक वेगाने पसरणारा असेल, तर रुग्ण थोडे असतानाच तो अडवणे सर्वांत स्वस्त पडते, हे शास्त्र बरोबर आहे; फेब्रुवारीत विदर्भात हीच संधी निसटली होती. परंतु नागपुरात जुलैमध्ये रुग्ण दोन आकड्यांत, काही दिवशी तर एकाच आकड्यात आले, तरी चार वाजताची वेळ कायम राहिली आणि ती कोणत्या तारखेला, कोणत्या निकषावर बदलेल हे आदेशात नव्हते. २ ऑगस्टला २५ जिल्ह्यांत सवलती मिळाल्या, त्यांत नागपूर होते. डेल्टा प्लसची भीती प्रत्यक्षात खरी ठरली नाही. म्हणून सावधगिरी चुकीची होती असे मी म्हणणार नाही, मात्र जो नियम लोकांनी पाळला होता तोच मध्येच बदलून टाकणे, आणि तेही मुदत न सांगता, ही किंमत फार मोठी होती.

लसीच्या बाबतीत राग अधिक तीव्र होता, आणि तिथेही उशिराचे शास्त्र कोणी समजावले नाही. १ मेपासून १८ वर्षांवरील सर्वांना लस खुली झाली. देशातले प्रौढ सुमारे ९४ कोटी, म्हणजे दोन मात्रांचे १८८ कोटी डोस. त्या सुमारास पुण्याच्या सीरम संस्थेचे उत्पादन महिन्याला साधारण साडेसहा कोटी आणि हैदराबादच्या भारत बायोटेकचे कोटीच्या आतबाहेर होते. भागाकार केला की दोन वर्षांहून अधिक काळ निघतो. हा भागाकार एप्रिलमध्ये कोणालाही करता आला असता. कोवॅक्सिन ही निष्क्रिय केलेल्या विषाणूची लस आहे. त्यासाठी जिवंत विषाणू अतिसुरक्षित कारखान्यात पेशींवर वाढवावा लागतो, मग मारावा, शुद्ध करावा आणि तपासावा लागतो. उत्पादन सुरू केल्यापासून डोस बाहेर पडेपर्यंत सुमारे १२० दिवस लागतात, असे कंपनीनेच मे महिन्यात सांगितले. म्हणजे १ मेच्या डोसची तयारी जानेवारीत व्हायला हवी होती. जानेवारीत केंद्राची पहिली मागणी दोन्ही लसी मिळून १ कोटी ६५ लाखांची होती. मे महिन्याच्या मध्याला महाराष्ट्राने १८ ते ४४ वयोगटाचे लसीकरण थांबवले, कारण ४५ वर्षांपुढच्या लोकांच्या दुसऱ्या मात्रेला कोवॅक्सिन पुरेना. कोविन संकेतस्थळावर वेळ मिळवण्यासाठी फोन हातात धरून बसलेले शहरातले तरुण आसपासच्या तालुक्यांतील केंद्रांवर गेले, आणि तिथल्या गावकऱ्यांनी आपली लस शहरवाल्यांनी नेली म्हणून तक्रार केली. दोघांचीही तक्रार रास्त होती. ती एकमेकांविरुद्ध मात्र व्हायला नको होती.

दोन मात्रांमधले अंतर हा आणखी एक सल. कोविशील्डसाठी ते आधी चार ते सहा आठवडे होते, मार्चमध्ये सहा ते आठ झाले, १३ मे रोजी बारा ते सोळा. ऐन टंचाईत झालेला हा बदल म्हणजे तुटवडा झाकण्याची युक्ती, असे लोकांना वाटले. शास्त्रीय आधार मात्र खरा होता: फेब्रुवारीत प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात सहा आठवड्यांच्या आत दुसरी मात्रा घेणाऱ्यांत लसीची परिणामकारकता सुमारे ५५ टक्के, तर बारा आठवड्यांनंतर घेणाऱ्यांत सुमारे ८१ टक्के आढळली होती. पण त्या चाचण्या डेल्टाच्या आधीच्या होत्या. मे अखेरीस ब्रिटनमधून आलेल्या माहितीनुसार डेल्टामुळे होणाऱ्या लक्षणयुक्त आजारापासून एका मात्रेने जेमतेम ३३ टक्के संरक्षण मिळत होते, दोन मात्रांनी ६० टक्क्यांच्या आसपास. डेल्टा पसरू लागल्याने ब्रिटनने ही माहिती येण्याच्या थोडे आधीच पन्नाशीपुढच्या लोकांसाठी अंतर बारावरून आठ आठवड्यांवर आणले, त्याच सुमारास आपण ते वाढवले. एकच पुरावा, परंतु तिथे लस हाताशी होती आणि इथे नव्हती. थोड्या डोसांत अधिक लोकांना पहिली मात्रा देणे हाही एक विचारपूर्वक निर्णय असू शकतो. तो टंचाईमुळे घेतला आहे, असे उघडपणे सांगितले असते, तर लोकांनी तो समजून घेतला असता, याची मला खात्री वाटते.

हा उशीर कमी करण्याची साधनेही आपल्या शहरात आहेत. नीरीच्या विषाणुशास्त्र विभागाने डॉ. कृष्णा खैरनार यांच्या नेतृत्वाखाली मीठपाण्याच्या गुळण्यांतून आरटी-पीसीआर करण्याची पद्धत विकसित केली, आणि मे २०२१ मध्ये तिला मान्यता मिळाली. नाकात काडी घालावी लागत नाही, नमुना रुग्ण स्वतः देऊ शकतो, आणि तीन तासांत निकाल मिळतो. अहवालाच्या रांगेतला वेळ यातून थेट वाचतो. दुसरे साधन सांडपाण्याचे. बाधित माणूस लक्षणे दिसण्याआधीपासून विष्ठेतून विषाणूचे अंश बाहेर टाकतो, त्यामुळे गटारातल्या नमुन्यात साथीची चाहूल रुग्णालयाच्या नोंदींच्या काही दिवस आधी लागू शकते, आणि त्यासाठी कोणालाही चाचणीला यावे लागत नाही. हैदराबादेत सीसीएमबी या संस्थेने २०२० मध्येच असा अभ्यास करून शहरातल्या बाधितांचा अंदाज बांधला होता. नागपूरच्या सांडपाण्याचा मोठा भाग भांडेवाडीच्या प्रक्रिया केंद्रावर येतो आणि तिथून शुद्ध होऊन कोराडीच्या वीज केंद्राला जातो. तिथे आठवड्यातून दोनदा घेतलेला नमुना, वस्त्यांमधल्या चार-पाच मोठ्या नाल्यांच्या नमुन्यांसह नीरीच्या प्रयोगशाळेत तपासला, तर महापालिकेच्या हाती रुग्णसंख्येहून ताजा आकडा येईल. आणि तो जाहीर करताना नमुना कोणत्या तारखेचा आहे, हे पहिल्या ओळीत लिहिता येईल.