खडीसाखरेतला खडा

ठाण्यात जांभळी नाक्याला कौपिनेश्वराच्या प्रसादासाठी पाव किलो खडीसाखर घेतली, दोऱ्याची. घरी एक खडा उजेडात धरला. काचेसारखे सपाट पैलू आणि मधोमध अडकलेला पांढरा दोरा. अशा खड्यांची म्हणून ती खडीसाखर, हे कुणालाही कळेल. पण नुसत्या ‘साखर’ या शब्दातही खडाच दडलाय, हे मला फार सुंदर वाटतं.

संस्कृत ‘शर्करा’ म्हणजे मुळात रेव, बारीक खडे. उसाचा रस आटवून कण सुटले, ते रेवेसारखे दिसले आणि त्यांनाही तेच नाव मिळालं. प्राकृतात ती ‘सक्करा’ झाली, मराठीत ‘साखर’. सुश्रुतसंहितेत तर मूत्रमार्गातल्या बारीक खड्यांनाही शर्कराच म्हटलंय. आपला ‘मुतखडा’ आठवा. थोडक्यात, खडीसाखर म्हणताना आपण खडा दोनदा म्हणतो.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात उसाचे पदार्थ ओळीने येतात: फाणित, गुड, मत्स्यंडिका, खंड, शर्करा. फाणित म्हणजे काकवीसारखा पाक. मत्स्यंडिकेच्या नावात माशाची अंडी आहेत; खाडीकाठच्या माणसाला लगेच गाबोळीचे दाणे दिसतात. खंड म्हणजे तुकडा. तोच फारसीत ‘कंद’ झाला, अरबीतून युरोपात गेला आणि ‘कँडी’ होऊन आपल्याकडे परत आला. ‘शुगर’ही अशीच शर्करेची लेक.

आता हे खडे होतात कसे? २० अंश सेल्सिअसला १०० ग्रॅम पाण्यात साधारण २०० ग्रॅम साखर विरघळते. उकळत्या पाण्यात त्याच्या दुपटीहून जास्त. असा दाट पाक निवू लागला की जादा साखरेला पाण्यात जागा उरत नाही. तिचे रेणू बाहेर पडतात आणि एकमेकांना ठरावीक रचनेत चिकटतात. पाक भराभर निवला, ढवळला, तर एकाच वेळी असंख्य कण धरतात आणि सगळे बारीक राहतात. हळूहळू, न हलवता निवला तर थोडेच कण धरतात आणि तेच थरावर थर चढवत मोठे होतात. दोऱ्याचा खरबरीत धागा त्यांना पहिला आधार देतो.

मीही पाकाच्या बरणीत दोरा सोडलाय. आज पाचवा दिवस. गाठीपाशी तांदळाएवढे चार खडे धरलेत, एकाची कड आत्ताच चमकतेय. बरणीला हात लावू नका, असं घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय.