किलोग्रॅम

किलोग्रॅम : वस्तुमानाचे आंतरराष्ट्रीय मूलभूत एकक. मराठीतील संक्षेप किग्रॅ. सात मूलभूत एककांपैकी नावातच उपसर्ग असलेले हे एकमेव एकक आहे. तरीही लहानमोठी मापे ग्रॅमलाच उपसर्ग लावून तयार करतात. म्हणून किलोग्रॅमच्या दशलक्षांशाला मिलिग्रॅम म्हणतात, मायक्रोकिलोग्रॅम नव्हे.

फ्रान्समधील १७९५ च्या कायद्याने वितळत्या बर्फाच्या तापमानाला १ घन सेंमी. शुद्ध पाण्याचे जे वस्तुमान, तो ग्रॅम ठरला. पाण्यात हवा विरघळते, तापमानाबरोबर त्याची घनता बदलते. व्यवहारात तपासायला धातूचेच वजन हवे होते. म्हणून १७९९ मध्ये १ किग्रॅ.चा प्लॅटिनमचा दंडगोल केला गेला. २० मे १८७५ रोजी १७ राष्ट्रांनी मीटर करारावर सह्या केल्या आणि १८८९ मध्ये नवे आंतरराष्ट्रीय प्रमाण मान्य झाले : ९० टक्के प्लॅटिनम व १० टक्के इरिडियम यांचा, सुमारे ३९ मिमी. उंचीचा व तेवढ्याच व्यासाचा दंडगोल. पॅरिसजवळ सेव्हर येथे तो काचेच्या झाकणांखाली ठेवलेला आहे.

या दंडगोलाची त्याच्या अधिकृत प्रतींशी तुलना केली, तेव्हा शंभर वर्षांत त्यांच्यात सुमारे ५० मायक्रोग्रॅमचा फरक पडल्याचे दिसले. मूळ दंडगोल हलका झाला की प्रती जड झाल्या, हे ठरवण्याचा मार्गच नव्हता. व्याख्येनुसार मूळ दंडगोल नेहमीच नेमका १ किग्रॅ. होता. बल, दाब व ऊर्जा यांची न्यूटन, पास्कल, जूल ही एककेही त्याच्यावरच अवलंबून असल्याने प्रश्न केवळ वजनांपुरता उरला नाही.

नोव्हेंबर २०१८ मध्ये व्हर्साय येथे नवी व्याख्या स्वीकारली गेली आणि २० मे २०१९ पासून ती लागू झाली. पुंज भौतिकीतील मूलभूत राशी असलेल्या प्लांकच्या स्थिरांकाचे मूल्य ६.६२६०७०१५ गुणिले १० चा उणे ३४ वा घात जूल-सेकंद एवढे कायमचे ठरवले आहे. जूल-सेकंद म्हणजे किलोग्रॅम गुणिले मीटर वर्ग भागिले सेकंद; मीटर व सेकंद आधीच निश्चित असल्याने त्यातून किलोग्रॅम निघतो.

हा आकडा प्रत्यक्ष वजनात उतरवण्याचे मुख्य साधन म्हणजे किबल तराजू. ब्रायन किबल यांनी १९७५ मध्ये त्याची कल्पना मांडली. त्याचे काम दोन टप्प्यांत चालते. आधी चुंबकीय क्षेत्रात टांगलेल्या कुंडलातून वीजप्रवाह सोडून त्या बलाने वजन तोलतात. हे बल क्षेत्राची तीव्रता, तारेची लांबी आणि प्रवाह यांच्या गुणाकाराएवढे असते. पण पहिल्या दोन राशी हव्या तितक्या अचूक मोजता येत नाहीत. म्हणून वजन बाजूला काढून तेच कुंडल ठरावीक वेगाने हलवतात आणि त्यात निर्माण होणारा विद्युत्‌दाब मोजतात. त्या दाबातही तीव्रता व लांबीचा तोच गुणाकार असतो, त्यामुळे दोन्ही समीकरणे जोडताच तो निघून जातो. ही युक्ती अत्यंत सुंदर आहे. उरतात दाब, प्रवाह, वेग आणि त्या जागेचे गुरुत्व त्वरण. दाब व प्रवाह जोसेफसन परिणाम (विद्युत दाबाचे अचूक प्रमाण देणारा) आणि पुंज हॉल परिणाम (विद्युत रोधाचे अचूक प्रमाण देणारा) यांच्या आधारे प्लांकच्या स्थिरांकाशी जोडले जातात. दुसरा मार्ग सिलिकॉन-२८ च्या जवळजवळ परिपूर्ण गोलातील अणू मोजण्याचा आहे.

भारताचे राष्ट्रीय प्रमाण, म्हणजे प्लॅटिनम-इरिडियमची ५७ क्रमांकाची प्रत, नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत आहे. वजने व मापे यांच्या १९५६ च्या कायद्यानंतर १९५८ पासून किलोग्रॅम टप्प्याटप्प्याने व्यवहारात आला; ८० तोळ्यांचा शेर ०.९३३१ किग्रॅ. धरला गेला. जुना तोळा ११.६६४ ग्रॅमचा होता. महाराष्ट्रातील सराफ आज १० ग्रॅमला तोळा म्हणतात. जुने दस्तऐवज वाचताना हा फरक विसरू नये.

तराजू तपासण्याच्या वजनांचे अचूकतेनुसार वर्ग ठरलेले आहेत. १ किग्रॅ.च्या वजनाला ई-२ वर्गात १.६ मिग्रॅ., एफ-१ मध्ये ५ मिग्रॅ. आणि एम-१ मध्ये ५० मिग्रॅ. इतकीच चूक चालते. ही वजने हाताने उचलू नयेत. बोटांचा तेलकटपणा लागून ती जड होतात.

इलेक्ट्रॉनिक तराजू प्रत्यक्षात बल मोजतो आणि आकडा मात्र ग्रॅममध्ये दाखवतो. गुरुत्व त्वरण विषुववृत्तावर सुमारे ९.७८० व ध्रुवांवर ९.८३२ मीटर प्रति सेकंद वर्ग असते, म्हणून तराजू जिथे वापरायचा तिथेच प्रमाण वजनाने जुळवावा लागतो. साधारण ३ मीटर वर नेला तरी दहा लाखांत एक भाग फरक पडतो; २०० ग्रॅमवर तो ०.२ मिग्रॅ. होतो आणि ०.१ मिग्रॅ.पर्यंत वाचणाऱ्या तराजूवर स्पष्ट दिसतो.

हवेच्या प्लावक बलाकडे (वस्तूला वर ढकलणाऱ्या बलाकडे) तर सर्रास दुर्लक्ष होते. पोलादी वजनांनी जुळवलेल्या तराजूवर १ किग्रॅ. पाणी सुमारे १.०५ ग्रॅमने कमी भरते, कारण पाणी पोलादापेक्षा आठपट जागा व्यापते आणि तितकी जास्त हवा बाजूला सारते. ‘अ’ या अचूक वर्गाच्या १ लिटर चंबूला (द्रव मापण्याच्या काचेच्या भांड्याला) सामान्यतः ०.४ मिलि.चीच मुभा असते. म्हणजे ही दुरुस्ती न करता आतले पाणी तोलून चंबू तपासला, तर चांगला चंबूही नापास ठरू शकतो.

तोलण्यापूर्वी तराजू पाणसळीने समतल करावा व किमान अर्धा तास चालू ठेवावा. भट्टीतून काढलेली मूषा (नमुना तापवण्याचे छोटे भांडे) डेसिकेटरमध्ये, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात, पूर्ण थंड होऊ द्यावी : गरम मूषेभोवतीची हवा वर चढते आणि आकडा कमी येतो. आकडा सतत वाढत असेल तर नमुना बाष्प शोषतो आहे; झाकणाच्या बाटलीतच तोलावा.