हायड्रोजन बंध पाण्याच्या रेणूत नसतो, दोन रेणूंमध्ये असतो

"सर, पाणी उकळलं की हायड्रोजन बंध तुटतात आन् हायड्रोजन-ऑक्सिजन वेगळे होतात ना?" यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या ज्युनियर कॉलेजात दरवर्षी एखादं पोट्टं हे विचारतंच. वाक्याचा पहिला अर्धा बरोबर, दुसरा साफ चूक. आणि ही चूक घेऊनच पोरं थेट बीएस्सीपर्यंत जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

सहसंयुज बंध तुम्हाला माहीत आहे. दोन अणू इलेक्ट्रॉनची जोडी वाटून घेतात. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनने दोन हायड्रोजन असेच धरलेले असतात. हा रेणूच्या आतला मामला.

हायड्रोजन बंध रेणूच्या बाहेर. ऑक्सिजन वाटलेली जोडी आपल्याकडे जास्त ओढतो, म्हणून हायड्रोजनवर थोडा धनभार उरतो. तो हायड्रोजन शेजारच्या रेणूतल्या ऑक्सिजनच्या न वाटलेल्या जोडीकडे खेचला जातो. ही शेजाऱ्याची ओढ म्हणजे हायड्रोजन बंध. सगळा घोळ नावाने केला आहे: हायड्रोजन जोडलेला दिसला की पोरं त्याला हायड्रोजन बंध म्हणून मोकळी होतात. एका गाइडात तर पाण्याचा एकच रेणू काढून त्यातल्या रेघेवर 'हायड्रोजन बंध' छापलेलं होतं. एकच रेणू असेल तर शेजारी कुठून आणणार? माझ्या वर्गात आतल्या बंधाला सरळ रेघ आणि शेजारच्या ओढीला तुटक रेघ. दोन्ही सारख्या काढल्या तर मी मार्क देत नाही.

आता चुलीवरचा गंज पाहा. पाणी खळखळ उकळतंय, वर झाकण आहे. झाकण उचला, आतून थेंब ओघळतात. ते पाणीच असतं. आतले बंध तुटले असते तर गंजातून हायड्रोजन आणि ऑक्सिजन निघाले असते आणि खालच्या जाळाने भडका उडाला असता. तसं होत नाही, कारण उकळताना रेणू फक्त एकमेकांपासून सुटतात, स्वतः अख्खे राहतात. बुडबुड्यांतही पाण्याची वाफच असते.

आकडे बघितले की शंका राहत नाही. 18 ग्रॅम, म्हणजे एक मोल, पाण्याची वाफ करायला सुमारे 41 किलोज्यूल लागतात. तेवढ्याच पाण्यातले सगळे आतले बंध तोडायचे तर सुमारे 920. आतला एक बंध साधारण 460 किलोज्यूल प्रति मोल, हायड्रोजन बंध वीसेक. पाणी खरंच फोडायचं तर विद्युत अपघटन, म्हणजे पाण्यातून वीज सोडून त्याचे घटक वेगळे करणं, करावं लागतं, चुलीचं ते काम नाही.

पण कमजोर म्हणून हायड्रोजन बंध बिनकामाचा, असंही कोणी म्हणू नये. हायड्रोजन सल्फाइडचा रेणू पाण्यापेक्षा जड, तरी उणे 60 अंशालाच उकळतो, कारण त्यात ही ओढ नावालाच आहे. पाण्यात ती नसती तर मे महिन्यात रांजणात भरायला पाणीच नसतं.

बाकीचं थोडक्यात. हायड्रोजन असला म्हणजे हायड्रोजन बंध असतोच असं नाही. तो नायट्रोजन, ऑक्सिजन किंवा फ्लोरिनला जोडलेला हवा. रॉकेलमध्ये हायड्रोजन भरपूर, पण तो कार्बनला चिकटलेला, म्हणून तिथे लंडन बलांवरच भागतं, म्हणजे इलेक्ट्रॉन क्षणभर एका बाजूला सरकल्याने शेजारच्या रेणूंमध्ये येणाऱ्या हलक्या ओढीवर. ही बलं सगळ्याच रेणूंत असतात. इथे फारसं कोणी चुकत नाही.

मला सगळ्यात आवडतं उदाहरण आपल्या कापसाचं. कापूस म्हणजे सेल्युलोजच्या लांब साखळ्या. साखळीतली कडी कडीला सहसंयुज बंधाने जोडलेली, आणि साखळी शेजारच्या साखळीला हायड्रोजन बंधांनी. सुती सदरा धुतला की पाणी या साखळ्यांमध्ये शिरतं, शेजारचे बंध सुटतात आणि वाळताना वेड्यावाकड्या जागी पुन्हा जुळतात. त्याच सुरकुत्या. इस्त्री करताना आपण पाणी शिंपडतो ते बंध पुन्हा सैल करायला. इस्त्रीची उष्णता पाणी घालवते आणि साखळ्या सपाट अवस्थेत जुळतात. सदरा शंभरदा धुवा, साखळ्या शाबूत असतात. त्याच सदऱ्यावर ट्रॅक्टरच्या बॅटरीतल्या ॲसिडचा थेंब पडू द्या. दोन धुण्यांत तिथे भोक पडतं. ॲसिडने साखळीच तोडलेली असते, आणि कितीही पाणी शिंपडून इस्त्री फिरवली तरी ती पुन्हा जुळत नाही.