घर रिकामे करून घेणे (गोवा)

गोव्यात एखाद्याला घराबाहेर काढता येते की नाही, हे तो त्या घरात कोणत्या नात्याने राहतो यावर ठरते. मालकीचा प्रश्न त्यानंतर येतो. भाडेकरू आणि मुंडकार यांचे कायदे निराळे आहेत आणि दाद मागण्याची ठिकाणेही निराळी.

मुंडकार म्हणजे भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीवर त्याच्या संमतीने कायम घर करून राहिलेला माणूस. पूर्वी बहुतेक वेळा या संमतीचा कागदच नसे. ‘इथे घर बांध आणि भाट (बागायत) राख’ एवढ्या तोंडी शब्दावर दोन-तीन पिढ्या नांदत, आणि भाटकाराची मर्जी फिरली की त्या पिढ्यांचे छप्पर जाई. शशिकला काकोडकर मुख्यमंत्री असताना ‘गोवा, दमण आणि दीव मुंडकार (निष्कासनापासून संरक्षण) कायदा, १९७५’ झाला आणि १२ मार्च १९७६ पासून ही टांगती तलवार दूर झाली. गोव्याच्या गावगाड्यात यापेक्षा माणुसकीचा कायदा क्वचितच झाला असेल. त्याने नुसते संरक्षण दिले नाही, तर घर आणि त्याखालची जमीन विकत घेण्याचा हक्कही दिला. ही जमीन पंचायत क्षेत्रात ३०० चौरस मीटरपर्यंत आणि इतरत्र २०० चौरस मीटरपर्यंत मिळू शकते.

वाद उभा राहतो तो व्याख्येवर. भाटकाराच्या घरात भाडे देऊन राहणारा सर्वसाधारणपणे मुंडकार ठरत नाही. मालकाच्याच घराचा एक भाग राखणदार म्हणून वापरणारा किंवा नोकरीपुरता कारखान्याच्या खोलीत राहणारा माणूसही मुंडकार नव्हे. त्यामुळे एक जुनी भाडेपावती सापडली तरी सगळे प्रकरण उलटू शकते. माणूस मुंडकार आहे की नाही हा प्रश्न मामलेदारापुढे जातो. मुंडकारांची नोंदवही ठेवण्याची तरतूद कायद्यातच आहे, आणि ज्या कुटुंबाने वेळीच नाव नोंदवले त्याचा पाया पक्का असतो.

भाडेकरूसाठी १९६८ चा इमारती (भाडेपट्टी, भाडे व निष्कासन) नियंत्रण कायदा आहे. गोवा १९८७ मध्ये घटक राज्य झाले आणि दमण-दीव वेगळे झाले, तरी कायद्याच्या मूळ नावात ती तिन्ही नावे एकत्र होती. या कायद्याखाली मालकाला रेंट कंट्रोलरकडे अर्ज करावा लागतो आणि कायद्यात दिलेलेच कारण दाखवावे लागते. एकूण तीन महिन्यांचे भाडे थकले, रजिस्टर्ड नोटीस मिळाली आणि तरीही ३० दिवसांत भाडे भरले नाही, हे सर्वांत नेहमीचे कारण. लेखी संमतीशिवाय पोटभाडेकरू ठेवणे हे दुसरे. स्वतःला राहण्यासाठी घर हवे असल्यास त्यासाठी वेगळे कलम आहे. खटला चालू असतानाही भाडेकरूने भाडे भरत राहायचे असते. तो चुकला तर त्याची बाजू ऐकून घेण्याची दारे बंद होऊ शकतात, आणि बरेच भाडेकरू नेमके इथेच हरतात.

पत्रादेवीचा नाका ओलांडून महाराष्ट्रात गेले की कायदा बदलतो. तिथे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू होतो. थकबाकीसाठी नोटिशीनंतर ९० दिवस थांबावे लागते. समन्स मिळाल्यावरही भाडेकरूने ९० दिवसांत सारी थकबाकी १५ टक्के व्याजासह भरली तर घर वाचते. मालकाला स्वतःसाठी घर हवे असेल तर जास्त हाल कोणाचे होतील, याची तुलना न्यायालय करते. ‘लीव्ह अँड लायसन्स’ची (शुल्क देऊन ठरावीक काळ राहण्याच्या परवानगीची) मुदत संपूनही घर न सोडणाऱ्यावर मात्र तिथे सक्षम प्राधिकाऱ्याकडे जलद कारवाई होते आणि शुल्क दुप्पट द्यावे लागते.

दक्षिणेला पोळे ओलांडून कारवारला गेले की कर्नाटकाचा १९९९ चा भाडे कायदा येतो. त्यात ठरावीक रकमेपेक्षा जास्त भाड्याची घरे संरक्षणाबाहेर ठेवली आहेत, त्यामुळे महागडे घर घेणाऱ्याला तिथे आपल्या करारपत्रावरच विसंबावे लागते.

राज्ये बदलली तरी एक गोष्ट बदलत नाही. मालकाने कुलूप फोडून किंवा सामान अंगणात टाकून भाडेकरूला काढायचे नाही. तसे झालेच तर विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागता येतो, आणि त्या दाव्यात घराची मालकी कोणाची हे पाहिले जात नाही.