दात काढल्यावर हाड कसे भरून येते?

कोल्हापुरात राजारामपुरीपासून मंगळवार पेठेपर्यंत कोणत्याही दवाखान्यात दाढ काढली की गॉजचा बोळा चावून धरायला सांगतात. अलीकडे मात्र त्याआधीच ‘खाचेत बोन ग्राफ्ट (म्हणजे हाडाचा किंवा हाडासारख्या पदार्थाचा भराव) भरायचा का?’ असे विचारले जाते आणि खर्चाचा आकडा ऐकून रुग्ण गोंधळतो. हाड बनवतात त्या शरीराच्याच पेशी. भरावाचे काम मुख्यतः त्यांच्यासाठी जागा राखण्याचे असते.

दात निघाल्यावर खाचेत काही मिनिटांतच रक्त गोठते आणि ही गुठळीच पुढच्या साऱ्या दुरुस्तीचा पाया ठरते. तिच्या तंतुमय जाळ्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात, आठवडाभरात तिथे कोवळी तांबूस ऊती तयार होते आणि काही आठवड्यांत तळाकडून व कडांकडून कच्चे हाड धरू लागते. ते पक्के व्हायला मात्र कित्येक महिने जातात. पहिल्याच दिवशी जोरात चूळ भरल्याने किंवा विडी ओढल्याने गुठळी निखळली, तर हाड उघडे पडून दोन-चार दिवसांत असह्य ठणका लागतो. आपल्याकडे दुखऱ्या दाताला मिश्री लावण्याची सवय जुनी आहे. पण मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, आणि ताज्या जखमेजवळ तिला अजिबात जागा नाही.

खाच भरली तरी जबड्याचा काठ झिजतो, कारण मुळाभोवतीचे हाड दाताच्या आधारानेच टिकून असते. पुढच्या दातांची ओठाकडची भिंत तर अनेकदा १ मिलिमीटरपेक्षाही पातळ असते आणि तीच आधी विरते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यानुसार सहा महिन्यांत काठाची रुंदी २९ ते ६३ टक्क्यांनी, तर उंची ११ ते २२ टक्क्यांनी घटते. पुढे इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवलेल्या स्क्रूवरचा कृत्रिम दात, बसवायचे असेल, तर ही घट महागात पडते. भरावाने ती कमी होते, पूर्णपणे थांबत नाही. अक्कलदाढेच्या खाचेत सहसा काही भरावे लागत नाही.

भराव रुग्णाच्या स्वतःच्या हाडाचा, दात्याच्या हाडाचा, कॅल्शियम फॉस्फेटसारख्या कृत्रिम पदार्थाचा किंवा प्राण्याच्या हाडाचा असतो. जगभर खूप वापरला जाणारा एक प्रकार गोवंशाच्या हाडांतील प्रथिने काढून टाकून, केवळ खनिजांचा सच्छिद्र सांगाडा उरवून बनवतात. तो फार सावकाश विरतो. काही वर्षांनंतरही त्याचे कण नव्या हाडात सापडतात. भराव कशाचा आहे, हे डॉक्टरांनी न विचारताच सांगायला हवे असे मला वाटते, कारण अनेक घरांत हा प्रश्न केवळ वैद्यकीय नसतो.

मूलपेशींचे, म्हणजे ज्यांपासून इतर प्रकारच्या पेशी तयार होऊ शकतात अशा पेशींचे, आकर्षण इथूनच सुरू होते: सांगाड्यासोबत हाड बनवू शकणाऱ्या पेशीच नेऊन ठेवल्या तर? दाताच्या गाभ्यात अशा पेशी असल्याचे २००० साली, तर दुधाच्या दातांत २००३ साली दाखवले गेले. इटलीतील संशोधकांनी काही रुग्णांच्या वरच्या अक्कलदाढेच्या गाभ्यातील पेशी कोलॅजेन या प्रथिनाच्या स्पंजवर बसवून खालच्या अक्कलदाढेच्या खाचेत ठेवल्या. २००९ साली त्यांनी हाड चांगले भरल्याचे कळवले. तीन वर्षांनी तपासले तेव्हा मात्र वेगळेच दिसले. मटणाची नळी फोडणाऱ्याला तिची टणक भिंत आणि टोकाकडचा जाळीदार भाग चांगलाच ठाऊक असतो. या रुग्णांच्या जबड्यात जिथे जाळीदार हाड अपेक्षित होते, तिथे टणक, घट्ट हाड तयार झाले होते. संशोधकांच्या मते त्यामुळे जबड्याला धोका नव्हता, पण पेशी दिल्या की निसर्गातले हाड जसेच्या तसे उगवते, हा समज त्यातून टिकत नाही. शिवाय बाहेरून सोडलेल्या पेशींपैकी बऱ्याचशा फार काळ जगत नाहीत, आणि त्यांचा परिणाम स्वतः हाड बनवण्यापेक्षा त्या स्रवत असलेल्या रासायनिक संकेतांमुळे होत असावा, असे अनेक संशोधक मानतात.

त्यामुळे दात काढताना मूलपेशी-उपचाराचे वेगळे पैसे मोजण्याइतका पुरावा अजून जमलेला नाही. मुलांच्या दुधाच्या दातांतील पेशी साठवून ठेवण्याचेही तसेच. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी नाळेतील रक्ताखेरीज दाताच्या गाभ्यासह इतर ऊतींच्या व्यावसायिक पेढ्यांना परवानगी दिलेली नाही. कोणी तशी योजना घेऊन दारी आला, तर पैसे भरण्याआधी त्याला परवान्याचा कागद मागावा.